मामाच्या गॉगलचा हिशोब

५ ऑक्टोबर

मामाच्या उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढत चाललंय. वडस. शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आत्ता कापायची गरज नाही, पण उन्हात गॉगल लावल्याशिवाय जायचं नाही. चाळीस वर्षं रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात काढली, वरून ऊन आणि खालून पाण्याची नि वाळूची तिरीप. मामाने बाजारातून दीडशे रुपयांचा काळाकुट्ट गॉगल आणला, चार दिवस लावला आणि खुंटीला अडकवला. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "झिला, माका काळोख नको, पाणी दिसाक होया."

त्याचं खरं आहे. रापणीत किनाऱ्यावर उभं राहून पाण्याचा रंग वाचावा लागतो. बांगडा किंवा तारली आली की तेवढ्यापुरतं पाणी काळपट पडतं, वरची लाट वेगळी थरथरते. ते दिसलं की जाळं घेऊन होडी सुटते. जे दिसत नाही त्यावर माणसं उभी करता येत नाहीत.

माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, चष्म्यातलं मला काही कळत नाही. पण "हा जास्त काळा, म्हणून जास्त चांगला" हे दुकानदाराचं बोलणं पटत नव्हतं. म्हणून ठरवलं की घेण्याआधी मोजायचं. काच किती उजेड आत सोडते, यूव्ही (उन्हातले न दिसणारे अतिनील किरण) सोडते का, आणि पाण्यावरची चमक मारते का, या तीन गोष्टी. घरातले, शेजारचे आणि मेव्हण्याचे मिळून सात गॉगल गोळा केले. प्रत्येकाला चिकटपट्टी लावून नंबर दिला. मामाचा १, माझा २.

६ ऑक्टोबर

पहिला प्रयत्न फुकट गेला. मोबाईलवर लक्स (उजेडाचं माप) मोजायचं ॲप घेतलं, अंगणात फोन ठेवला, आकडा घेतला. मग सेन्सरवर काच धरली, पुन्हा आकडा. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की टक्के. नंबर २ ची काच एकदा ११ टक्के आली, पाच मिनिटांनी १९.

तीन चुका होत्या. फोनचा सेन्सर वर कानाच्या जाळीजवळ टाचणीच्या डोक्याएवढा असतो, काच केसभर सरकली तरी फरक पडतो. दुसरी, काच वाकडी असते, तिच्या नि फोनच्या मधल्या फटीतून बाजूचा उजेड आत शिरतो. तिसरी मला सगळ्यात उशिरा कळली. भर उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स असतो आणि माझ्या फोनचा सेन्सर त्याच्या कितीतरी आधी थकतो. म्हणजे उघडा आकडा खोटा, खरा त्याच्याहून मोठा. भागाकार केला की काच आहे त्याहून फिकी निघते. शिवाय ऑक्टोबरचे ढग. दोन आकड्यांच्या मध्ये सूर्य झाकला गेला की सगळंच मुसळ केरात.

हे ॲपवाले आकडे छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ आहेत. त्यांच्या नादी लागू नका.

९ ऑक्टोबर

घरात, अंधारात मोजायचं ठरवलं. सामान: बीएच १७५० हा उजेडाचा सेन्सर (१८० रुपये), सेन्सरचा आकडा वाचायला दुकानात पडून असलेला नॅनो बोर्ड, दीड इंची पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे (प्लंबरकडून फुकट), एक पांढरा एलईडी. पाइपच्या एका टोकाला एलईडी, दुसऱ्या टोकाला सेन्सर, मध्ये काच धरायला फट. आतून काळा रंग दिला. रंग चकचकीत निघाला, आत आरशासारखा उजेड फिरायला लागला. घासून काढला आणि आतून काळा कागद गुंडाळून बसवला. फटीला दोन्ही बाजूंनी जुन्या चपलेच्या तळव्याचा मऊ फोम कापून लावला, म्हणजे वाकडी काचही घट्ट बसते.

एक दिवस गेला.

१० ऑक्टोबर

आकडे खाली खाली सरकत होते. काच नाही, काही नाही, नुसताच उजेड, तरी दहा मिनिटांत ९४० चा ९०५. एलईडी तापला की मंदावतो. पंधरा मिनिटं पेटवून ठेवायचा, मग मोजायला बसायचं.

घरच्या लाईनवर चालवत होतो तर पंप सुरू झाला की आकडा हलायचा. म्हणून पॉवर बँकेवर घेतला. पॉवर बँक दर अर्ध्या मिनिटाला बंद! एलईडीला इतका कमी करंट लागतो की तिला वाटतं काही जोडलेलंच नाही. शेवटी दुकानातली बारा व्होल्टची बॅटरी आणि एक रेग्युलेटर. त्यानंतर आकडा दगडासारखा स्थिर.

११ ऑक्टोबर

लाईट नव्हती. दुकान उघडून बसलो, गॉगलचं काही नाही.

१२ ऑक्टोबर

कोणी असं यंत्र करणार असाल तर सगळ्यात आधी काचेच्या जागी काळा पुठ्ठा घालून बघा. शून्य यायला हवं. माझं ६ लक्स येत होतं. नऊशेतले सहा म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण मामाच्या काचेतून एकूण पन्नास-पंचावन्नच लक्स येतात, त्यातले सहा चोरून आलेले म्हणजे नवातला एक भाग खोटा. वायरच्या भोकातून उजेड येत होता. काळी टेप, वर अजून काळी टेप. आता शून्य.

दुसरी परीक्षा: दोन काचा एकावर एक. टक्क्यांची बेरीज-वजाबाकी होत नाही, गुणाकार होतो. अर्धा उजेड सोडणाऱ्या दोन काचा मिळून पाव सोडतात. १४ टक्क्यांची आणि ३१ टक्क्यांची काच एकत्र धरली तर ४.३ यायला हवे, ४.२ आले. एवढा फरक चालतो. यंत्र खरं बोलायला लागलं.

१३ ऑक्टोबर

सातही मोजले. प्रत्येक काच तीनदा, डावी-उजवी वेगळी.

आकडे वाचण्याआधी एक कोष्टक डोक्यात हवं. आयएसओ १२३१२-१ या मानकात गॉगलचे पाच गट आहेत. ८० टक्क्यांच्या वर उजेड सोडणारा गट ०, ४३ ते ८० गट १, १८ ते ४३ गट २, ८ ते १८ गट ३, आणि ३ ते ८ गट ४. रोजच्या उन्हाला, समुद्रकिनाऱ्याला गट ३ धरतात. गट ४ हा बर्फाच्या डोंगरावरचा, तो लावून गाडी चालवायची नाही असं मानकातच आहे. चांगल्या गॉगलच्या काडीच्या आत हा गट लिहिलेला असतो. आमच्या सातांपैकी दोनांवरच होता.

मामाचा काळाकुट्ट: ६ टक्के. गट ४. हा लावून तो स्कूटीवरून बाजारात जात होता.

माझा राखाडी, पोलराइज्ड (पाण्यावरची चमक मारणारा) म्हणून घेतलेला: १४. मेव्हण्याचा निळा, फॅशनचा: ३१. रात्री गाडी चालवायला म्हणून विकतात तो पिवळा: ८१, म्हणजे जवळजवळ साधीच काच, आणि जो थोडा उजेड अडवतो तोही रात्री, जेव्हा आधीच कमी असतो. आजोबांचा हिरवा, जड काचेचा, सत्तरच्या दशकातला: १७. अजून सुंदर आहे. उरलेले दोन जत्रेतले, १२ आणि २२. त्यातल्या २२ वाल्याची डावी काच २२, उजवी २७. लावल्यावर डोकं का दुखतं म्हणून पुतणी विचारत होती, ते बहुतेक हेच.

एलईडी काढून तीन रंगांचा लावला आणि लाल, हिरवा, निळा असं वेगवेगळं मोजलं. राखाडीत तिन्ही रंग साधारण सारखे जातात, म्हणून जग आहे तसंच दिसतं, फक्त मंद. निळ्या फॅशनच्या काचेतून निळा ४६ टक्के, लाल फक्त ९. घाटात पुढच्या ट्रकचे ब्रेकचे दिवे लाल असतात, होडीच्या डाव्या अंगाचा दिवा लाल असतो. मेव्हण्याला आकडे दाखवले. तो म्हणाला, फोटोत चांगला दिसतो. घातलेलाच आहे अजून.

१६ ऑक्टोबर

आज एक चूक झाली, आणि तिच्यातूनच सगळ्यात कामाची गोष्ट हाती लागली.

एलईडीचा उजेड एका ठिपक्यातून येतो, काच जरा तिरकी बसली की आकडा बदलतो. म्हटलं, सपाट पसरलेला उजेड घेऊ. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडलं आणि पाइप स्क्रीनला लावला. इतर काचा आधीसारख्याच आल्या. माझा राखाडी मात्र २७ टक्के! पुन्हा बसवला, ३. पुन्हा, १९. सेन्सर गेला म्हणून दुसरा मागवायच्या बेतात होतो. दोन तास सोल्डरिंग तपासलं. मग लक्षात आलं की प्रत्येक वेळी मी काच वेगळ्या कोनात बसवतोय.

लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनचा उजेड आधीच एका दिशेने गाळलेला असतो. पोलराइज्ड काचही तसलीच गाळणी. दोन्हींच्या दिशा जुळल्या तर उजेड जातो, काटकोनात आल्या तर अडतो. म्हणजे पोलराइज्ड काच स्क्रीनवर मोजायची नाही.

पण परीक्षा म्हणून हीच सगळ्यात सोपी. दुकानात उभ्या उभ्या गॉगल लॅपटॉपच्या किंवा एटीएमच्या स्क्रीनसमोर धरून गोल फिरवायचा. एका कोनात स्क्रीन काळी पडली तर पोलराइज्ड, नाहीतर नाही. सातांपैकी तिघांवर पोलराइज्डचं स्टिकर होतं, खरा एकच निघाला. १२ टक्केवाल्या जत्रेच्या गॉगलवर तर माशाचं चित्रही होतं, घातल्यावर मासा दिसतो म्हणून. तो मासा काचेच्या मागच्या कार्डावर छापलेला, साध्या डोळ्यांनीही दिसतो.

२० ऑक्टोबर

यूव्हीची पाळी. घाईत ३९५ नॅनोमीटरचा टॉर्च घेतला, २२० रुपये. सगळ्या काचांमधून जांभळा उजेड आरपार. घाबरलोच, म्हणजे एकही काच उपयोगाची नाही! मग वाचलं. ३९५ चा टॉर्च एका आकड्यावर थांबत नाही, त्याचा बराच उजेड ४०० च्या पलीकडे, डोळ्याला दिसणाऱ्या जांभळ्यात सांडतो. तो चांगल्या काचेतूनही येणारच. २२० रुपये पाण्यात.

३६५ चा, पुढे काळी गाळणी असलेला टॉर्च मागवला. ९५० रुपये, आठ दिवस. टॉर्चमध्ये बघायचं नाही, पोरांच्या हातात द्यायचा नाही.

२९ ऑक्टोबर

टॉर्च आला. रीत अशी: अंधाऱ्या खोलीत नोट ठेवायची, टॉर्च मारायचा. नोटेवरचा नंबर आणि कागदातले बारीक तंतू चमकतात. आता टॉर्च आणि नोट यांच्यामध्ये काच धरायची. चमक पूर्ण विझली तर काच यूव्ही अडवते.

पहिली नोट अख्खीच निळी पेटली. खिशातून धुण्यात गेलेली नोट होती, पावडरमधलं पांढरं करणारं द्रव्य तिला लागलेलं. दुसरी घेतली.

मामाच्या ६ टक्केवाल्या काचेमागे नंबर मंद झाला, पण दिसत राहिला. आजोबांच्या काचेमागेही थोडा दिसला. माझा राखाडी: पूर्ण काळोख. जत्रेतले दोन्ही: काळोख. जत्रेतले आहेत म्हणून मी त्यांना आधीच नापास करून ठेवलं होतं, ती माझी चूक. आणि माझा रोजचा नंबरचा चष्मा, पॉलिकार्बोनेटचा, ज्याच्यातून ९० टक्क्यांहून जास्त उजेड येतो तो बिनरंगी चष्मा: पूर्ण काळोख. पॉलिकार्बोनेट मुळातच ३८० च्या आसपासपर्यंतचा यूव्ही गिळतं. काळेपणाचा आणि यूव्हीचा काही संबंध नाही, हे वाचलेलं होतं. डोळ्यांनी बघितल्यावर पटलं.

मामाला हे सांगताना मात्र जपून सांगावं लागलं. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते. काच यूव्ही अडवत नसेल तर मोठ्या झालेल्या बाहुलीतून तो आणखी आत. त्याने गॉगल खुंटीवरून काढला आणि चुलीत टाकायला निघाला. प्लास्टिक जाळू नको म्हणून मामी ओरडली. आता तो बुजगावण्याच्या तोंडावर आहे.

८ नोव्हेंबर

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर, दुपारी सव्वातीन. खरं काम आज.

सेन्सर एका अरुंद काळ्या नळीत बसवला, म्हणजे तो जिकडे तोंड केलं तेवढंच बघतो. सूर्याच्या खाली पाण्यावर चमचमणारा पट्टा असतो त्याकडे नेम धरला. लाटांमुळे आकडा नाचत होता, म्हणून दर वेळी दोनशे आकड्यांची सरासरी घेतली. नळी तिवईवर बांधायला सुतळी विसरलो होतो, जाळ्याच्या दोरीचा तुकडा मिळाला.

ही वेळ मुद्दाम निवडलेली. सपाट पाण्यावरून उजेड उसळतो तेव्हा तो आडवा गाळला जातो, आणि सूर्य क्षितिजापासून साधारण ३७ अंशांवर असताना सगळ्यात जास्त. नोव्हेंबरात मालवणला ते तीन-सव्वातीनला येतं. पोलराइज्ड गॉगलमधली गाळणी उभा उजेड सोडते, आडवा अडवते.

माझा राखाडी, घालतो तसा आडवा धरून: ४ टक्के. तोच काटकोनात फिरवून: २४. घरच्या यंत्रात हाच १४. साधा, पोलराइज्ड नसलेला १२ टक्केवाला: आडवा १२, उभा १२. म्हणजे माझी काच बाकी जगाला १४ टक्के आणि नेमक्या त्या चमकेला ४. जो त्रास आहे तेवढाच कापते. मामाच्या जुन्या काचेने चमक नि पाणी दोन्ही सारखंच काळं केलं होतं.

मामाला घालायला दिला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मान डावीकडे कलती केली, उजवीकडे केली. मग म्हणाला, "खडप दिसता रे." खडप म्हणजे पाण्याखालचा खडक, किनाऱ्यापासून वीस-पंचवीस वाव आत. ते तिथे आहे हे त्याला पन्नास वर्षांपासून माहीत आहे, पण दुपारी तीन वाजता वरून कधी दिसलं नव्हतं.

साडेपाचला पुन्हा मोजलं. सूर्य टेकायला आला होता. आडवा ११, उभा १७. फायदा जवळजवळ संपला. इतक्या खालून येणारा उजेड पाण्यावरून घसरतो, तो फारसा गाळला जात नाही. सूर्यास्ताच्या सफरीला जाणाऱ्या होडीवाल्यांनी पोलराइज्डकडून फार आशा ठेवू नये. टोपी वापरा.

१० नोव्हेंबर

पहाटे मामा तोच घेऊन गेला. सात वाजता परत आणून माझ्या उशाशी ठेवला. "सकाळचा काय्येक दिसना नाय ह्येतूर." १४ टक्के सकाळच्या कोवळ्या उजेडाला फारच काळा. शिवाय राखाडीत पाणी आहे त्याच रंगाचं दिसतं, त्याला हवा आहे हिरवट पाणी आणि काळपट थवा यांच्यातला फरक. तपकिरी काच निळा कापते, धुरकटपणा कमी होतो, फरक उठून येतो. तपकिरी, २० ते २५ टक्के, असं ठरलं.

आणि मामाला नंबर आहे, उणे सव्वा. तयार गॉगल चालणार नाही हे मी महिनाभर विसरूनच गेलो होतो.

१२ नोव्हेंबर

पोलराइज्ड काच नंबरमध्ये करून घ्यायला ३२०० सांगितले. साधी सीआर-३९ (प्लास्टिकची) काच नंबरमध्ये करून तिला रंग दिला तर ९००. ९०० चा मोह झाला. रंग पक्का ठरवायला तरी उपयोग होईल अशी स्वतःची समजूत घातली. चिठ्ठीवर लिहून दिलं: तपकिरी, २५ टक्के, यूव्हीसकट.

२१ नोव्हेंबर

कोल्हापूरच्या लॅबमधून काचा आल्या. पिवळसर चहासारख्या. मोजल्या: ७३ टक्के.

चूक शंभर टक्के माझी. रंगवणाऱ्यांच्या भाषेत २५ टक्के म्हणजे २५ टक्के रंग, पंचवीस अडवणार, पंचाहत्तर सोडणार. मी सोडायचा उजेड लिहिला होता. चिठ्ठीवर "७५ टक्के टिंट" लिहायला हवं होतं, किंवा "उजेड २५ टक्के यायला हवा" असं सरळ वाक्य. नऊ दिवस गेले. तुम्ही आकडा लिहाल तेव्हा कशाचा आकडा ते लिहा, आणि शक्य असेल तर रंगाचा नमुना सोबत द्या.

दुकानदार भला माणूस, म्हणाला परत बुडवून देतो. सीआर-३९ ला रंग असाच चढतो: नव्वदच्या वर तापवलेल्या रंगाच्या पाण्यात काच बुडवायची, जितका वेळ तितकी गडद. वर न रंगणारं कोटिंग बसलेलं नसेल तर पुन्हा बुडवता येते, जास्त झालं तर उतरवताही येते.

२७ नोव्हेंबर

परत आल्या. डावी २४, उजवी २९. डोळ्याला फरक कळत नाही, मामाला कळला. एकदम बुडवल्या नसाव्यात, नाहीतर दोन काचा वेगळ्या लॉटच्या. उजवी अजून थोडी बुडवून आणली, २५. यूव्ही टॉर्चला दोन्ही पास.

दुपारी किनाऱ्यावर. रंग पसंत, सकाळी सातलाही पसंत. तीन वाजता मात्र चमक जशीच्या तशी. मामाने चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि खिशातून माझा राखाडी काढून डोळ्यावर चढवला, नंबर नसताना. धूसर चालेल, पण चमक नको. बोलायला काही राहिलंच नाही. ३२०० देऊन आलो.

या वेळी चिठ्ठीवर वाक्य लिहिलं: तपकिरी, पोलराइज्ड, उजेड २० टक्के यायला हवा.

९ डिसेंबर

पोलराइज्ड आले. २० आणि २१. यूव्ही पास. खूश होऊन लॅपटॉपसमोर धरले तर उजवी काच सरळ असताना स्क्रीन काळी पडते आणि डावी बरीच कलती केल्यावर. कोनमापक लावला: पंधरा अंशांचा फरक.

पोलराइज्ड काचेच्या कच्च्या तबकडीवर आडव्या रेषेची खूण असते, फ्रेमच्या आकारात कापताना ती आडवीच ठेवावी लागते. साध्या गोल नंबरच्या काचेत तबकडी कशीही फिरवली तरी नंबर तोच राहतो, त्यामुळे कापणाऱ्याला सवय नसते. डाव्या काचेत ती फिरली होती. तशीच वापरली असती तर डाव्या डोळ्याला उजव्यापेक्षा जास्त चमक दिसली असती. असल्या चष्म्याने त्रास होऊ शकतो आणि माणूस दोष आपल्या डोळ्यांना देतो.

दुकानात नेला. आधी पटेना. त्यांच्याच बिलिंगच्या स्क्रीनसमोर फिरवून दाखवला, मग आतून मालक आला. डावी काच बदलून द्यायची ठरली, पैसे न घेता.

१५ डिसेंबर

बदलून आली. दोन्ही काचा एकाच कोनात काळ्या. मामाच्या ताब्यात.

एक सूचना होडीवाल्यांसाठी: हा लावून जीपीएसची किंवा मासे शोधायच्या यंत्राची स्क्रीन बघितली तर ती काही कोनांत काळी दिसते. यंत्र बिघडलेलं नसतं. मान कलती करा किंवा यंत्र फिरवून बसवा. भाचा परवा याच कारणाने यंत्र माझ्याकडे दुरुस्तीला घेऊन आला होता.

२८ डिसेंबर

दोन आठवड्यांत काच घासली गेली. मामा ती खाऱ्या हातांनी काढतो आणि पंचाला पुसतो. मीठ वाळलं की त्याची बारीक कणी होते, कोरडं पुसलं की पॉलिशपेपर. मोजली, अजून २० च. माझ्या यंत्राला ओरखडे कळत नाहीत, ते एकूण उजेड मोजतं, विखुरलेला की सरळ आलेला हे बघत नाही. उन्हाकडे तोंड केलं की मात्र काचेवर धुकं दिसतं. आता आधी गोड्या पाण्याने धुवायचा, मग पुसायचा. मामीने विहिरीजवळ एक तांब्या त्यासाठीच ठेवला आहे. स्कूटीच्या डिकीत तापायला ठेवायचा नाही हेही सांगितलंय, कोटिंगला तडे जातात.

खर्च: सेन्सर १८०, चुकीचा टॉर्च २२०, बरोबर टॉर्च ९५०, रंगवलेल्या काचा ९००, पोलराइज्ड ३२००, फ्रेम ६५०, कोल्हापूरचं कुरिअर नि किरकोळ मिळून ३४०. एकूण ६४४०. त्यातले ११२० निव्वळ माझ्या चुकांचे, तरी ९०० वाला चष्मा मामा सकाळी वापरतो म्हणून तो सगळा वाया गेला म्हणता येणार नाही.

२ जानेवारी

काल दुपारी रापण लागली, बांगडो. गॉगलमुळे दिसला का म्हणून मी विचारलं. मामा म्हणाला, पक्षी दिसले, गॉगल खिशात होता.

आज त्याने रापणीवरच्या तिघांचे गॉगल आणून काउंटरवर ठेवले, मोजून दे म्हणून. एकाची काडी तुटलेली आहे, एकावर माशाचं स्टिकर आहे. एलईडी तापायला लावलाय.